केस विरळ होऊ लागल्यावर थेट औषध घ्यावे का?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय २४. बी.ए. झाल्यापासून बाबांसोबत शेती पाहतो आणि पोलीस भरतीची तयारीही करतो. दोनेक वर्षांपासून कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकत आहेत आणि आता भोवऱ्याजवळची कातडी उन्हात दिसू लागली आहे. बाबांना तिशीतच टक्कल पडले, मामांनाही. आई म्हणते, आधी वर्षभर तेल आणि कांद्याचा रस लावून पाहा, औषध ही शेवटची गोष्ट. भाऊजींनी मात्र अमरावतीहून मिनॉक्सिडिलची बाटली आणून दिली आहे आणि गावातील मेडिकलवाले सोबत फिनास्टेराइडची गोळी घ्यायला सांगतात. आमच्याकडचे पाणी खारे आहे, शिवाय शेगाव तालुक्यातील प्रकारापासून रेशनच्या गव्हाचीही धास्ती वाटते. टायफॉइडनंतर धाकट्या बहिणीचेही केस फार गळत आहेत आणि ती हीच बाटली मागते आहे. पुढच्या वर्षी घरचे माझ्या सोयरिकीचे पाहतील. पहिल्याच पायरीला औषध घेणे चूक आहे का?

उत्तर : नाही, चूक नाही. तुम्ही लिहिलेली विरळता खरोखरच आनुवंशिक टकलाची असेल, तर औषध हीच पहिली पायरी आहे, आणि तेल-रसात वर्ष घालवून मग औषधाकडे वळणे हा उलटा क्रम झाला. परंतु ही विरळता त्याच प्रकारची आहे, हे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी डोके पाहून सांगितले पाहिजे. भाऊजींनी बाटली मायेने आणली आणि मेडिकलवाल्यांनी गोळी अनुभवावरून सुचवली, हे मान्य केले तरी दोघांनीही तुमच्या डोक्यावरची त्वचा तपासलेली नाही. म्हणून ही तपासणी होईपर्यंत बाटली उघडू नका, असे मी आधीच सांगून ठेवते.

औषध लवकर सुरू करण्याचा आग्रह का धरायचा, हे आईंना समजावून सांगता यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर होते. ज्यांच्या केसांची मुळे आनुवंशिकतेने या डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्या कपाळाच्या कडांवरची आणि भोवऱ्यावरची मुळे हळूहळू लहान होत जातात. केसाची वाढीची अवस्था एरवी दोन ते सहा वर्षे चालते; ती आखूड होत जाते आणि प्रत्येक फेरीत उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक व तोकडा निघतो. शेवटी तिथे जेमतेम लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या मुळांत ही संवेदनशीलता नसते, त्यामुळे पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाच्याही त्या भागातले केस टिकून राहतात. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते आणि मूळ फार आक्रसल्यावर कोणतेही औषध त्याला पूर्वपदावर आणू शकत नाही. हरभऱ्यावर मर रोग आल्यावर वाळलेले झाड परत हिरवे होत नाही, उभे असलेले वाचवावे लागते. इथेही औषधाचे मुख्य काम उभे आहे ते राखण्याचे आहे आणि नवे उगवणे हा त्यावरचा लाभ आहे. आईंचा सल्ला काळजीपोटीच आहे, पण त्या सांगतात त्या एका वर्षात तुमची शंभर-दोनशे नव्हे, तर त्याहून किती तरी अधिक मुळे आक्रसलेली असू शकतील.

आता निदानाविषयी. केस गळण्याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांसारखी दिसतात. एखाद्या ठिकाणी नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई असते, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते आणि जिचे उपचार निराळे असतात. खाज, खवले आणि तुटके केस असतील तर बुरशीचा संसर्ग, म्हणजे नायटा, असू शकतो. त्यावर कोणी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावले तर खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. आपल्या खेड्यापाड्यांत हे इतके सर्रास घडते की, मी ते प्रत्येक उत्तरात लिहायला तयार आहे. त्वचेवर लालसर, दुखरे किंवा व्रणासारखे चकाकणारे भाग असतील तर मुळे कायमची नष्ट करणारे आजारही मनात धरावे लागतात. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. कपाळाच्या कडा, भोवरा, दोन वर्षांची संथ वाटचाल, वडील आणि मामा, हे सगळे आनुवंशिक टकलाकडेच बोट दाखवते. तरीही डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतील. एकाच जागी जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले, तर निदान जवळपास पक्के होते आणि बहुतेक वेळा रक्ताच्या महागड्या तपासण्यांची गरजही उरत नाही.

शेगाव तालुक्यातील घटनेची भीती तुम्ही मनातून काढून टाकावी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील त्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत हाताने ओढले तरी निघू लागले आणि डोकी उघडी पडली. त्यात बायका होत्या, मुले होती. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्या घटनेचे स्वरूप अचानक आणि सामूहिक होते. दोन वर्षांत, एका ठरावीक आकृतीत, तुमच्या कपाळावरून मागे सरकलेले केस हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. तुम्ही आणि घरचे सगळे तोच गहू खाता, तरी आईंचे केस शाबूत असतील, हेही ध्यानात घ्या.

पाण्याचेही तसेच. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात राहणारा प्रत्येक जण टकलाचे खापर पाण्यावर फोडतो. खाऱ्या आणि जड पाण्याने केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, केस मधूनच तुटतात, हे खरे आहे. मात्र त्वचेखालच्या मुळावर त्याचा परिणाम होऊन कपाळ वर सरकते, असे नाही. तसे असते तर दर्यापुरातील सगळ्यांचीच टकले सारखी असती. शक्य असल्यास शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याचा घ्यावा, केस मऊ राहतील, एवढाच त्याचा उपयोग.

तेलाबद्दल आईंना दुखवू नका. खोबरेल तेल केसाच्या धाग्यातील प्रथिनांची झीज कमी करते, त्यामुळे केस कमी तुटतात, आणि आईच्या हाताने डोक्याला तेल लागले तर त्यात गैर काय आहे? पण ते केसावर काम करते, आक्रसणाऱ्या मुळावर नाही. कांद्याच्या रसाने मात्र अनेकांची त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि अशा दुखावलेल्या त्वचेवर नंतर मिनॉक्सिडिल लावले तर ते रक्तात अधिक शोषले जाते, म्हणून रस टाळाच. बायोटिनच्या गोळ्या शरीरात बायोटिनची कमतरता असल्याशिवाय उपयोगाच्या नाहीत, उलट थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे त्या चुकवतात.

आता औषधांकडे येऊ. मिनॉक्सिडिल मुळात उच्च रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ती डोक्याला लावण्याच्या द्रवरूपात आणली गेली आणि १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली. आज पुरुषांना सहसा ५ टक्क्यांचे द्रावण देतात. कोरड्या डोक्यावर, केसांवर नव्हे तर त्वचेवर, एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा लावायचे आणि लावल्यावर हात धुवायचे. जास्त लावल्याने जास्त केस येत नाहीत. दुसऱ्यांदा लावायचे विसरले तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी लावले तर ते उशीला पुसले जाणार नाही आणि कपाळावर ओघळून तिथे लव वाढणार नाही. तुम्ही सकाळी धावायला जाता आणि दिवसभर वावरात असता, म्हणून सकाळची वेळ धावून आल्यावर, अंघोळ करून डोके पूर्ण कोरडे झाल्यानंतरची ठेवा, आणि दुपट्टा बांधण्याआधी ते वाळू द्या. द्रावणात मद्यार्क असतो. बाटली चुलीजवळ किंवा मे महिन्यात तापणाऱ्या टिनाच्या छताखाली ठेवू नये. घरात मांजर असेल तर तिच्यापासून हे औषध कटाक्षाने लांब ठेवा, कारण थोडेसे चाटले तरी ते तिच्या जिवावर बेतू शकते.

लोक हे औषध कुठे सोडतात, हे मला आधीच सांगायचे आहे. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत अनेकांचे केस आणखी गळतात. विश्रांतीच्या अवस्थेतील जुने केस नव्या वाढीला जागा देण्यासाठी बाहेर पडतात, म्हणून हे होते. पण कंगव्यात केसांचा पुंजका पाहून घाबरलेला माणूस त्याच आठवड्यात बाटली फेकून देतो आणि ‘औषधाने टक्कल पडले’ असे गावभर सांगतो. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि खरा निवाडा वर्षभराने करावा. औषध थांबवले की त्याने राखलेले केस पुढच्या काही महिन्यांत गळून जातात आणि डोके औषध घेतले नसते तर जसे झाले असते तसे होते. म्हणून पहिली बाटली उघडतानाच हा खर्च आणि हा नेम पुढची काही वर्षे पेलवेल का, याचा घरात विचार करा. कापसाचे पैसे आले की चार महिने लावायचे आणि पेरणीच्या दिवसांत सोडायचे, असे करण्यापेक्षा न लावणे बरे. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घेतले आणि जनऔषधी केंद्रात ते उपलब्ध असेल तर खर्च बराच खाली येतो. त्वचेला खाज, कोरडेपणा येणे सामान्य आहे. छातीत धडधड, चक्कर किंवा पायांवर सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे. भरतीच्या धावण्याचा सराव करणाऱ्याने धडधडीकडे दमल्यामुळे झाली म्हणून दुर्लक्ष करू नये.

फिनास्टेराइडची गोष्ट अधिक विचाराची आहे. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी करणाऱ्या विकराचा जन्मजात अभाव असलेल्या काही मुलांचा डॉमिनिकन रिपब्लिक या देशातील अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांना टक्कल पडत नाही आणि प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, हे लक्षात आले. त्या विकराला अडवणारे औषध म्हणजे फिनास्टेराइड. आधी १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची आणि नंतर १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत मान्य झाली. औषधाची ताकद खरी आहे. १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवरील मूळ चाचण्यांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्या दर १०० पैकी ८३ जणांच्या भोवऱ्यावरील केसांची संख्या घटली नव्हती. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत असे २८ होते. भोवऱ्यावर तिचा गुण कपाळाच्या कडांपेक्षा चांगला येतो.

त्याच चाचण्यांत कामेच्छा कमी होणे, ताठरता किंवा वीर्य कमी होणे अशा तक्रारी गोळी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे चौघांनी आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे दोघांनी सांगितल्या. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर गेल्या, पण थांबवल्यानंतरही त्या टिकून राहिल्याचे सांगणारे रुग्ण आहेत आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. मनःस्थितीवरही परिणाम होऊ शकतो. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या भागात कर्जाने, नापिकीने आधीच मने थकलेली असतात. तुम्हाला किंवा घरात कोणाला नैराश्याचा त्रास झालेला असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. गोळी सुरू केल्यावर झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांशी बोला, आणि रात्री-अपरात्री असे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, त्याचे कारण हेच आहे. मेडिकलवाल्यांनी ५ मिलिग्रॅमची गोळी तोडून घ्यायला सांगितली, तर ती घेऊ नका. तुटलेल्या गोळीला गर्भवती स्त्रीचा हात लागणेही टाळावे लागते, कारण पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत त्याने दोष येऊ शकतो. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदानही करू नये. गावोगावच्या जयंतीच्या शिबिरांत उत्साहाने रांगेत उभे राहणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

तुमच्या बाबतीत माझे मत असे आहे. निदान पक्के झाले, तर आत्ता फक्त मिनॉक्सिडिलने सुरुवात करावी. अनेक त्वचारोगतज्ज्ञ दोन्ही औषधे एकत्र सुरू करतात आणि ते चुकीचे नाही, एकत्रित गुण अधिकच येतो. परंतु एका वेळी एकच औषध सुरू केले तर कोणत्या औषधाने काय केले हे कळते, आणि तुमच्या वयात, लग्नाच्या उंबरठ्यावर, गोळीचा निर्णय सहा महिने विचार करून घेतला तरी फार बिघडत नाही. आज आणि दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि भोवऱ्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आरशात रोज पाहून काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी भोवरा विरळच होत राहिला, तर त्या फोटोंसह डॉक्टरांशी गोळीची चर्चा करा. गोळी सुरू केलीच, तर सोयरीक ठरल्यावर होणाऱ्या पत्नीला ते सांगा, आणि मूल हवे असताना दिवस राहायला उशीर लागला तर गोळीविषयी डॉक्टरांना आठवणीने सांगा.

लग्नाची घाई म्हणून केशरोपणाच्या जाहिरातींकडे वळू नका. चोविसाव्या वर्षी तुमची टकलाची आकृती अजून पूर्ण झालेली नाही; पुढे केस बसवले आणि त्यांच्या मागचे मूळचे केस गळत गेले, तर मध्येच मोकळी पट्टी पडते आणि रोपणासाठी डोक्याच्या मागून घेतल्या जाणाऱ्या केसांचा मर्यादित साठाही वाया जातो. काहीच औषध न घेता केस बारीक कापून राहणे हाही पूर्ण मान्य पर्याय आहे. या विकाराने जिवाला धोका नसतो आणि पन्नाशीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांना तो कमी-अधिक होतोच.

बहिणीला ही बाटली देऊ नका. टायफॉइड, डेंग्यू किंवा कोणत्याही मोठ्या तापात पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ते सगळ्या डोक्यावरून सारखे गळतात, मुळे शाबूत असतात आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांत गळणे आपोआप थांबते. तिला औषधापेक्षा भरपेट जेवणाची गरज आहे : तुरीचे वरण, अंडी चालत असतील तर अंडी, शेंगदाणे, जवसाची चटणी, हिरव्या भाज्या. सहा महिन्यांनंतरही गळणे चालूच राहिले किंवा तिची पाळी अनियमित असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करावी. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यामुळे रक्त कमी निघाले तरी लोहाच्या गोळ्या मनाने सुरू न करता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची चाचणी करून घ्यावी.

दाखवायला जाण्यासाठी अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण अजूनही इर्विन म्हणतो, किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, यांपैकी जे सोयीचे असेल तिथल्या त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोहोचा. त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, नाहीतर भिंगातून नीट दिसत नाही. भाऊजींनी आणलेली बाटली सोबत न्या. तिच्यावर मिनॉक्सिडिलशिवाय फिनास्टेराइड किंवा आणखी काही मिसळलेले आहे का आणि टक्केवारी किती आहे, हे डॉक्टरांना वाचू द्या. रक्तदाब मोजून घ्या आणि सध्या काही गोळ्या, व्यायामशाळेतील पावडरी किंवा इंजेक्शने घेत असाल तर त्यांची नावे कागदावर लिहून न्या. विशेषतः शरीर कमावण्याच्या इंजेक्शनांविषयी काही लपवू नका, कारण त्यांतील संप्रेरकांनी टक्कल झपाट्याने वाढते आणि ती चालू असतील तर आधी तीच थांबवावी लागतात.